गोगलगायींचा पंचनामा

गोगलगायीचीही काही बाजू असू शकते आणि ती ऐकून घेतल्याशिवाय तिच्याविरुद्ध निकाल देऊ नये, असे मानणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या कुंपणापलीकडे निवृत्त होऊन बसला, याला मी माझे नशीब म्हणते. आमचे हे शेजारी, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, वनखात्यात वनरक्षक होते. तीस वर्षे त्यांनी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात काढली आणि मूल गावातल्या आपल्या घरी कायमचे परतले, तेव्हा शिट्टी, बिल्ला वगैरे सरकारला परत केले, पण जंगल मात्र डोक्यात भरून सोबत आणले. गार्डाच्या वाट्याला आलेल्या जंगलाच्या तुकड्याला 'बीट' म्हणतात. भाऊ आपल्या वीस बाय तीस फुटांच्या परसालाही बीटच म्हणतात. पहाटे साडेपाचला खाकी स्वेटर घालून, हातात काठी घेऊन त्यांची गस्त निघते. सहा मिनिटांत चार फेऱ्या होतात, पण घरी येऊन हातपाय धुताना चेहरा असा, की वीस मैल चालून आलेत. परसातल्या प्रत्येक झाडावर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकले आहेत. पेरू एक, मुनगा म्हणजे शेवगा दोन, सीताफळ तीन, आणि चार नंबर म्हणजे माझ्या लिंबाची त्यांच्या बाजूला झुकलेली फांदी. ती फांदी मी एकदा माझ्याच विळ्याने तोडली, तर भाऊ टेप आणि वही घेऊन दारात हजर झाले. त्यांनी खुंटाचा घेर मोजला, माझा जबाब घेतला, आणि पंच म्हणून दुसरे कोणी मिळेना तेव्हा पंचाच्या जागी माझीच सही घेतली. आरोपी मी, पंच मी. आमच्या घरच्यांना हे फार गमतीचे वाटले. त्यांचे काय जाते, लिंबू माझे.

वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, अगदी निराळ्या. भाऊ कधी आलापल्लीकडे, कधी सिरोंच्याकडे बदलीवर असायचे. इकडे वहिनींनी एकटीने मुलगा वाढवला, घर उभे केले, विहिरीचे पाणी ओढून परसू हिरवे ठेवले. त्या तीस वर्षांत भाऊंनी घरी एक पत्र म्हणून लिहिले नाही. एस.टी.च्या कंडक्टरच्या तोंडून निरोप यायचा, "ठीक हाय म्हणते, पुढच्या महिन्यात येते म्हणते," आणि तेवढ्यावर वहिनी महिना काढायच्या. त्यांचा जीव एका गोष्टीत फार गुंतलेला, ती म्हणजे गावरान झेंडू. बाजारात मिळतो तो चेंडूएवढा नव्हे. हा बोराएवढा, तांबूस-तपकिरी, आणि वास असा, की तोडलेल्या हाताला दोन दिवस येत राहावा. सावली तालुक्यातल्या त्यांच्या माहेरच्या खेड्यातून लग्नात त्यांच्यासोबत आलेले ते बी. दरवर्षी चार फुले वाळवायची, फडक्यात बांधून स्वयंपाकघरात खुंटीला टांगायची, आणि आषाढात पुन्हा पेरायची, असे त्यांचे चाललेले.

तीन वर्षांपूर्वी सुनेच्या बाळंतपणासाठी वहिनींना पुण्याला जावे लागले. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या कुंपणाशी आल्या. झेंडूची बेचाळीस रोपे वाफ्यात नुकती बोटभर झाली होती. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे माह्या मायच्या हातचं बी हाय. माय गेली, भावायनं घर इकलं. माहेरचं म्हणून एवढंच उरलं जी. फडक्यातलं अर्धं उंदरायनं खाल्लं, म्हणून यंदा होतं तेवढं सारंच पेरलं. हे गेलं तं संपलं. ह्यायच्या भरोशावर ठेवून चालली, तुमी जराशीक नजर ठेवजा." मग भाऊंकडे वळून त्या एवढेच म्हणाल्या, की दसऱ्याले येईन, तवर झाडं राखजा. भाऊंनी मान हलवली. जंगल राखलेल्या माणसाला बेचाळीस रोपे ती काय, असे त्यांनाही वाटले असेल आणि, खोटे कशाला बोलू, मलाही वाटले.

पहिले चार दिवस बरे गेले. भाऊंनी बांबूच्या कमच्या, म्हणजे पातळ कामट्या, तासून प्रत्येक रोपाशेजारी नंबर रोवला. मग झडी लागली, आणि पाचव्या दिवशी सकाळी मला कुंपणापलीकडून हाक आली. तीन नंबरच्या रोपाचा नुसता दांडा उरला होता. मातीवर चकचकीत पट्टा उमटलेला. भाऊ उकिडवे बसून फूटपट्टीने त्या पट्ट्याची रुंदी मोजत होते आणि वहीत लिहीत होते. वाघाच्या पायाचा ठसा मोजतात, तसा हा गोगलगायीच्या पोटाचा. पुढे त्यांनी पुरावा म्हणून एक कुरतडलेले पान वहीत चिकटवले आणि मला विचारले, की जनावर पूर्वेकडून आले असावे का. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी सरळ सांगितले, की जनावर कुठूनही येवो, संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचा, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, दोन आठवड्यांत वाफा मोकळा होतो. भाऊंनी माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू ताडोबात बंदूक घेऊन निघाले आहे.

"मॅडम, जीव हाय तो. भूक लागली म्हणून आला. आपण त्याच्या जागेत घर बांधून राह्यलो, तो आपल्या जागेत नाई आला."

आमची जागा माझ्या सासऱ्यांनी रीतसर प्लॉट म्हणून घेतली आणि सातबारावर एकाही गोगलगायीचे नाव नाही, हे मी त्यांना सांगून पाहिले. ते हसले. अडाणी माणसावर शिकलेला माणूस हसतो, तसे हसले. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण ज्याने काढली, त्याच्या परसात झेंडू नक्की असणार आणि शेजारी भाऊ नसणार.

मारायचे नाही असे ठरल्यावर उपाय सुरू झाले, आणि माझ्या नाकी नऊ आले. आधी चुलीतल्या राखेचे रिंगण झाले. ते पहिल्याच सरीत वाहून माझ्या पालकाच्या वाफ्यात आले. मग अंड्यांची टरफले. टोकदार टरफलांवरून तिला चालवणार नाही, म्हणून भाऊ बसस्टँडसमोरच्या आमलेटच्या गाडीवरून पिशव्याच्या पिशव्या टरफले आणू लागले. गोगलगायी त्यावरून निवांत चालत गेल्या; टरफलांच्या वासाने गल्लीतली सारी कुत्री मात्र माझ्या फाटकाशी मुक्कामाला आली. जुन्या मोटारीची तांब्याची तार सोडवून त्यांनी वाफ्याभोवती गुंडाळली. एक गोगलगाय त्या तारेवर आरामात झोपलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्यातच भाऊंनी त्यांचे दोन वर्ग पाडले होते, शंखवाल्या त्या 'घरवाल्या' आणि बिनशंखाच्या त्या 'बेघर'. बेघरांविषयी त्यांना जास्त कळवळा. त्या बिचाऱ्यांना पावसात डोक्यावर छप्परसुद्धा नाही, म्हणून वाफ्याजवळ त्यांनी दोन फुटकी कौले पालथी घालून ठेवली. म्हणजे रोपे खायला यायचे आणि दमल्यावर शेजारीच विसावा घ्यायचा, अशी सोय झाली.

सगळ्यात कहर मोहफुलांनी केला. मोहाच्या वासावर अस्वल दोन डोंगर ओलांडून येते, तर गोगलगाय का येणार नाही, हा भाऊंचा तर्क. त्यांनी मूठभर मोहफुले मातीच्या पसरट भांड्यात भिजत घातली आणि ते भांडे, दोन्ही घरांना फायदा व्हावा म्हणून, बरोबर आमच्या सामाईक कुंपणाच्या बुडाशी ठेवले. तर्क खरा ठरला, हे कबूल करायला हवे. साऱ्या मोहल्ल्यातल्या गोगलगायी त्या वासावर निघाल्या आणि माझ्या परसातून गेल्या. जाता जाता त्यांनी माझी वांग्याची रोपे खाल्ली, पपईचे कोंब खाल्ले, आणि भांड्यापर्यंत पोचल्या तेव्हा त्यांचे पोट भरलेले असल्याने मोहाला तोंड न लावता पुढे झेंडूकडे गेल्या. मोह शेवटी एका बोकडाने संपवला आणि तो दुपारपर्यंत माझ्या फाटकात झिंगून आडवा पडून राहिला. नेमके तेव्हाच आमच्या शाळेचे मुख्याध्यापक तिथून चालले होते. त्यांनी एकदा बोकडाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, नाकाला रुमाल लावला आणि निघून गेले. मी भाऊंशी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आले नाही.

या सगळ्यात रोज संध्याकाळी पुण्याहून वहिनींचा फोन यायचा. भाऊ फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात, की फोन नसता तरी पुण्यात ऐकू गेले असते. रोजचे एकच वाक्य मला कुंपणाअलीकडे ऐकू यायचे, "सारं ठीक हाय, तू बाळाकडं पाय." तोवर बेचाळीसातली एकोणीस उरली होती. मलाही वहिनी रविवारी फोन करायच्या. मी त्यांना सांगायची, की इकडे पाऊस चांगला आहे.

मग भाऊंनी पुनर्वसन काढले. गावात शिरलेला वाघ पकडून दूरच्या जंगलात सोडतात, तसे गोगलगायींना पकडून सोडायचे. सकाळी वेचलेली प्रत्येक घरवाली पुसून कोरडी करायची, शंखावर ऑइलपेंटने बारीक नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची, मग झाकणाच्या बादलीत घालून सायकलवरून नाल्यापलीकडच्या जुन्या सागवनात न्यायचे आणि जिथे पालापाचोळा सगळ्यात जाड, ओला आणि सावलीचा, अशी उत्तम जागा पाहून सोडायचे. बेघरांना नंबर टाकता येईना, याची त्यांना खंत होती. येताना भाऊ रिकाम्या हाताने येत नसत. जंगलातला कुजलेला पाला म्हणजे झाडाला आईचे दूध, असे त्यांचे मत; म्हणून परतताना पोतेभर पाला भरून आणायचा आणि उरलेल्या रोपांच्या बुडाशी मायेने पसरायचा.

आठवडाभराने माझ्या पालकात सतरा नंबर सापडली. मी तिला पळीत घेतले आणि तशीच पळी पुढे धरून भाऊंच्या अंगणात गेले. गोगलगायी रात्री कुंपणावरून माझ्याकडे भिरकावता आणि वर पुनर्वसनाच्या गप्पा मारता का, असे बरेच काही मी बोलले. भाऊंनी सगळे ऐकून घेतले. मग वही उघडून सतरा नंबरची नोंद काढली, पळीतल्या सतराकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आली का जी वापस? वाघबी असाच येते, मॅडम. किती दूर सोडा, आपलं घर नाई सोडत तो."

पुढे त्यांनी मला विचारले, की ही नर असावी का मादी. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही असते, हे मी सांगितल्यावर त्यांनी सतरा नंबरसमोर लिहिले, 'उभय'. भांडायला गेलेल्या माणसाचे असे झाले तर त्याने काय करावे. मी पळी तिथेच ठेवून घरी आले.

त्यानंतर रोज एकदोन नंबर परत येऊ लागले. नऊ आली, बावीस आली, अकरा तर दोनदा आली. भाऊ सोडायची जागा बदलत गेले, सायकल आणखी आणखी पुढे जाऊ लागली, आणि गोगलगायींच्या घरओढीविषयी त्यांचा आदर वाढत गेला. इकडे रोपे सातावर आली. मला राहवेना. एका रविवारी सकाळी ते पाल्याचे पोते वाफ्यात रिकामे करत असताना मी कुंपणाशी उभी होते. पोत्यातून पाला पडला, पाल्यासोबत साबुदाण्यासारखे पांढरे दाणे पडले, आणि एका सागाच्या पानावर बसून तेवीस नंबर खाली उतरली.

ते साबुदाण्यासारखे दाणे म्हणजे गोगलगायीची अंडी. जी जागा उत्तम म्हणून भाऊ आज गोगलगायी सोडत, तिथलाच पाला उत्तम म्हणून उद्या भरून आणत. सकाळी आठला त्यांना सायकलवरून पोचवायला जायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच सायकलवरून, पोराबाळांसकट, घरी घेऊन यायचे, असे महिनाभर चालले होते. जंगलच्या पाल्यावर एवढी श्रद्धा फॉरेस्टच्या माणसाचीच असू शकते. दुसऱ्या कोणी शेणखत घातले असते.

मी हसायच्या तयारीत होते. इतक्या दिवसांचा वचपा काढायची अशी संधी पुन्हा आली नसती. पण भाऊ हातातले रिकामे पोते तसेच धरून पायरीवर बसले आणि म्हणाले, "मंग झाडं मीच खाल्ली का जी?" माझे हसू जागीच राहिले. मी घरात जाऊन मिठाचा डबा आणून कुंपणावर ठेवला आणि सांगितले, की आता तरी ऐका, वहिनींच्या आईचे बी जाईल. त्यांनी डबा उचलला, झाकण उघडले, एका गोगलगायीसमोर बसले. बराच वेळ बसले. मग झाकण लावून डबा मला परत दिला. त्यांच्याने ते झालेच नाही.

शेवटी तोड निघाली ती हद्दीची. मिठाच्या पाण्याची बादली माझ्या बाजूला कुंपणाला लावून ठेवायची. भाऊ पहाटे आणि तिन्हीसांजेला वाफ्यात बसून एकेक गोगलगाय वेचायचे, तोंड दुसरीकडे फिरवायचे, आणि हात कुंपणावरून पलीकडे नेऊन सोडून द्यायचे. पाण्यात पडल्याचा आवाज आला, की खाकरायचे. "माह्या बीटमंदी शिकार नाई. तुमच्या हद्दीत काय होते, ते तुमी जाणा," असे त्यांनी मला बजावले होते, आणि वहीत या सगळ्यांसमोर त्यांनी 'सीमापार गेली' अशी नोंद केली. साऱ्या पापाची धनीण मी. दीड महिना मी शाळेत जाण्याआधी ती बादली रिकामी केली आणि रोज मनातल्या मनात भाऊंचा उद्धार केला. पाल्यातून आलेली अंडी मात्र फुटतच राहिली.

दसऱ्याच्या चार दिवस आधी वहिनी आल्या. वाफ्यात अडतीस नंबरचे एकच रोप होते, वीतभर, वाकडे, वर दोनचार कळ्या. बाकी सगळ्या बांबूच्या कमच्या. वहिनी बॅग खाली न ठेवता बघत उभ्या राहिल्या आणि इतक्या हळू बोलल्या, की ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

"तीस वर्ष सरकारचं जंगल राखलं. माहा एक वाफा नाई राखता आला."

भाऊंनी काठी घेतली आणि भर दुपारी गस्तीला निघून गेले. आणि मी, जिने तीन महिने या क्षणाची वाट पाहिली होती, जिच्याकडे तक्रारींची पोतडी भरून होती, ती मी धावत त्यांच्या ओसरीवर गेले आणि ती वही आणून वहिनींच्या हातात दिली. भाऊंनी काही केले नाही असे नाही, एवढेच मला दाखवायचे होते. आत काय आहे ते मीही कधी नीट वाचले नव्हते. दिनांक, रोप क्रमांक, नुकसानीचे स्वरूप, प्राण्याचे वर्णन, असे रकाने. शेवटचा रकाना शेऱ्याचा. वहिनी वाचत गेल्या, मग एका पानाशी थांबल्या आणि वही माझ्यापुढे केली. शेऱ्याच्या रकान्यात भाऊंच्या सरकारी अक्षरात लिहिले होते: 'रोप क्र. १४ मृत. हिला फोनवर सांगितले सर्व ठीक. खोटे बोललो.' खाली: 'रोप क्र. ९, दोन पाने गेली. रात्रभर झोप नाही.' आणि आणखी दोन पानांनंतर: 'रोप क्र. ३१ मृत. हिने इतकी वर्षे एकटीने हे सर्व कसे राखले, कळत नाही. विचारले पाहिजे होते.'

वहिनींनी वही मिटली, पदराने तिच्यावरची माती पुसली. "ह्यायनं मले आजवर एक चिठ्ठी नाई लिहिली जी," त्या म्हणाल्या, आणि वही घेऊन आत गेल्या. त्या दसऱ्याला त्यांच्या दाराला बाजारातल्या मोठ्या झेंडूचे तोरण होते. अडतीस नंबरचे एकही फूल त्यांनी तोडले नाही. सारी फुले बियांसाठी ठेवली.

आता भाऊंचे दोन्ही गुडघे गेले आणि मुलाने दोघांनाही पुण्याला नेले. तिथे ते सहाव्या मजल्यावर राहतात. जाताना वहिनींनी फडक्याची पुरचुंडी माझ्या हातात दिली, गॅलरीतल्या कुंडीत हे नाई होत जी, म्हणाल्या. भाऊंनी एक कोरी वही दिली, रकाने स्वतः आखून. या माणसाने माझे लिंबू नंबराला लावले, माझी वांगी खाऊ घातली, मुख्याध्यापकांपुढे माझी शोभा केली. आणि पलीकडच्या परसात पहाटे काठीचा आवाज येत नाही, तर मला चहा गोड लागत नाही, हे मी कोणाला सांगू. यंदा माझ्या वाफ्यात तीस रोपे उगवली. संध्याकाळी गोगलगायी वेचायच्या वेळेला बरोबर पुण्याहून फोन येतो, आणि माझ्या 'हॅलो'च्या आधी तिकडून आवाज येतो, "मॅडम, झाडं कशी हायेत?"

परवा मी म्हणाले, सारे ठीक आहे भाऊ, तुम्ही गुडघ्यांकडे बघा. मग फोन ठेवला, वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: रोप क्र. ४, ५ व ११ मृत. फोनवर सांगितले सर्व ठीक. खोटे बोलले.